नुसतं नेट मीटरिंग की सोबत बॅटरीही?

गच्चीवर ३ किलोवॅटचे सोलर पॅनेल असले की चांगल्या उन्हात दिवसाला साधारण १२ युनिट वीज होते. पीएम सूर्यघर योजनेतून त्यावर ७८,००० रुपये अनुदान मिळतं. ऑन-ग्रिडमध्ये, म्हणजे बॅटरीशिवाय थेट महावितरणच्या लाइनला जोडलेल्या सोलरमध्ये, जास्तीची वीज महावितरणकडे जाते आणि बिलातून वजा होते; हेच नेट मीटरिंग. पण गंमत बघा, लाइट गेली की भर उन्हातही हे सोलर बंद! तारेवर चढलेल्या वायरमनला झटका बसू नये म्हणून सोलरचा इन्व्हर्टरच (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र) थांबतो. बऱ्याच जणांना हे बसवल्यावर कळतं. हायब्रिडमध्ये, म्हणजे लाइनसोबत बॅटरीही जोडलेल्या सोलरमध्ये, लाइट गेली तरी बॅटरीवर पंखे, फ्रिज चालू राहतात. खर्च मात्र बराच चढतो.

लाइट क्वचितच जात असेल तर मी ऑन-ग्रिडच घेईन. कोकणात, पावसाळ्यात रात्र-रात्र अंधार असेल तर हायब्रिड, आणि बॅटरी लिथियमचीच.