कासची दोन दिवसांची फोटो कार्यशाळा: एका लग्नाच्या फोटोग्राफरचा अनुभव

मी लग्नाचे फोटो काढतो. कोरेगावात स्टुडिओ, सतरा वर्षांचा धंदा. आषाढी एकादशीला देव झोपले की आमच्या ऑर्डरीही झोपतात, त्या तुळशीच्या लग्नालाच जाग्या होतात. मधल्या चार महिन्यांत बारशी, डोहाळजेवणं, गणपती मंडळं आणि दिवाळीनंतर ज्यांचे बार उडायचे आहेत त्यांचं प्री-वेडिंग. प्री-वेडिंग म्हटलं की सातारकराला आधी कास आठवतं. तेव्हा हे पठार आपल्याला पाठ आहे, अशा समजुतीत मी होतो.

गेल्या सप्टेंबरात, पितृपक्षात हात रिकामे होते म्हणून, 'निसर्ग वाचवण्यासाठी छायाचित्रण' अशी दोन दिवसांची कार्यशाळा केली. फी ४,८०० रुपये. त्यात एक मुक्काम, जेवणखाण, पठाराचं प्रवेशशुल्क आणि साताऱ्याहून गाडी. घेणाऱ्यांचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पुढे तक्रारी आहेत, आणि त्या मी त्यांना लेखी कळवल्या आहेत.

तक्रारी आधी उरकतो. जाहिरातीत बारा जण लिहिलं होतं, पोवई नाक्यावर मिनीबसमध्ये चढलो तर एकवीस डोकी. गाडी पहाटे साडेपाचची, सुटली पावणेसातला. यवतेश्वरचा घाट चढेपर्यंत सकाळचा कोवळा उजेड गेलाच असता, धुक्याने वाचवलं. हातात दिलेली पुस्तिका सगळी इंग्रजीत. आमच्यात दोन झेडपीचे मास्तर होते, एक वाईचा हळदवाला होता, त्यांनी ती कॅमेऱ्यावर पावसापासून आडोसा म्हणून धरली. संध्याकाळी प्रिंट काढायला शिकवणार होते. ऐन वेळी वीज गेली, इन्व्हर्टर नव्हता, सत्र बुडालं. पैसे परत नाहीत, 'पुढच्या वेळी बघू' एवढंच.

आणखी एक. शिकवायला आलेल्यांपैकी एक तरुण मुलगा खिशात फवाऱ्याची बाटली घेऊन फिरत होता आणि फुलांवर दव पाडून फोटो काढत होता. वनस्पतिशास्त्राच्या मॅडम मागून आल्या आणि म्हणाल्या, "अरे, सप्टेंबरात कासला पाणी कमी पडलंय का?" बाटली बॅगेत गेली. मी हसलो खरा, पण नवरीच्या डोळ्यांत ग्लिसरीन घालून बिदाईचे फोटो मीही काढलेत.

तर पठारावर पोचल्यावर पहिला तासभर कॅमेरे बॅगेतच ठेवायला लावले. मी पुण्याहून १०० एमएमची मॅक्रो लेन्स, म्हणजे बारीक गोष्टी अगदी जवळून टिपणारी, दिवसाला सातशे रुपये भाड्याने आणलेली, माझा जीव वर-खाली. पण तो तास चुकवायचा नव्हता हे आता कळतं. मॅडमनी आम्हाला उकिडवं बसवून नुसतं खाली बघायला सांगितलं. आपण 'पठार' म्हणतो त्याला तिथले लोक सडा म्हणतात. जांभ्याचा सलग खडक, त्यावर कुठे चार बोटं माती, कुठे तीही नाही. पावसाळ्यात पाणी साचून चिखल, उन्हाळ्यात तवा. एवढ्याशा मातीत जगायचं म्हणजे ज्याची त्याची युक्ती. सीतेची आसवं ही निळी-जांभळी नाजूक फुलं मी शेकडो वेळा धूसर पार्श्वभूमी म्हणून वापरली आहेत. ती किडेखाऊ आहेत हे मला सतरा वर्षांत माहीत नव्हतं. जमिनीखाली, ओल्या मातीत त्यांचे बारीक फुगे असतात, त्यांत पाण्यातले सूक्ष्म जीव ओढून घेतात, कारण मातीत खायला काही नाही. दवबिंदू नावाची दुसरी वनस्पती चिकट थेंबांवर किडा धरते. मग वायतुरा दाखवला. वाय अक्षरासारखा दुभंगलेला तुरा, म्हणून वायतुरा. शास्त्रीय नावातच आपला जिल्हा आहे, अपोनोजेटॉन सातारेन्सिस. खडकातल्या ओल्या खळग्यात कंद धरून बसतो. मी ज्या खळग्यांत ट्रायपॉडचे पाय रोवायचो, तेच हे खळगे.

पठारावर फुलझाडांच्या साधारण ८५० जाती नोंदल्या गेल्या आहेत. २०१२ साली पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं जागतिक वारसा ठरली, त्यांत कास आलं. त्यानंतर काय झालं ते साताऱ्यात राहणाऱ्यांना सांगायला नको. फोटो फिरले, गाड्या आल्या, शनिवार-रविवारी घाट तुंबला. मग दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा, ऑनलाइन बुकिंग, तारेचं कुंपण, पुढे ते कुंपण काढणंही झालं. म्हणजे इथे फोटोने नाव केलं आणि फोटोनेच गर्दी आणली. हे मॅडमनी स्पष्ट सांगितलं, मला आवडलं. नाहीतर अशा ठिकाणी 'तुमच्या कॅमेऱ्यात बदल घडवण्याची ताकद आहे' छापाची भाषणं होतात.

गावच्या समितीकडून आलेले वाटाडे मामा मात्र कुंपणाच्या विषयावर थांबेनात. "आमची गुरं थांबवली, तवापास्नं गवात माजलंय. फुलाला ऊन कुठनं मिळायचं?" मॅडम म्हणाल्या, मामांच्या म्हणण्यात तथ्य असू शकतं, पण ते दाखवायला वर्षावर्षाचे पुरावे लागतात. हे वाक्य तेव्हा मी कानाआड केलं.

दुपारचं सत्र व्यवहाराचं होतं आणि चोख होतं. झोपून फोटो काढायचा तर आखलेल्या वाटेवरच झोपा. फुलाला अडचण होते म्हणून शेजारचं गवत उपटू नका, काडीने बाजूला धरा आणि परत सोडा. वारा असेल तर छत्रीचा आडोसा करा. फुलाच्या फोटोबरोबर त्याच्या जागेचा एक रुंद फोटो घ्या, नाहीतर ते फूल कुंडीतलं की सड्यावरचं हे कुणालाच कळत नाही. मोबाइल फोटोच्या पोटात जागेचे आकडे लिहून ठेवतो, ते दुर्मीळ झाडाच्या बाबतीत बंद करा. कंदीलपुष्पाचं उदाहरण दिलं, त्याचे कंद उकरून खाणारेही आहेत आणि घरी नेऊन लावणारे हौशीही. आयनॅचरलिस्ट या झाडं-प्राण्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या साइटवर नोंद टाकली तर धोक्यातल्या प्रजातींची नेमकी जागा तिथे आपोआप पुसट केली जाते, हेही मोबाइलवर करून दाखवलं. मुक्कामाच्या घरी नाचणीची भाकरी, पिठलं आणि मिरचीचा ठेचा. जेवणाला पूर्ण गुण.

वीज जायच्या आधी, प्रोजेक्टरवर, जुन्या फोटोंची गोष्ट झाली. कार्लटन वॉटकिन्स नावाच्या माणसाने १८६१ साली अमेरिकेतल्या योसेमिटीच्या दरीचे फोटो काढले, १८ बाय २२ इंचांच्या काचांवर. तिथल्या तिथे अंधाऱ्या तंबूत काचेला रसायन लावायचं, ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि लगेच धुवायची. सगळं सामान खेचरांवर. (आम्ही दोन बॅटऱ्या संपल्या तर मांडवात रडतो.) ते फोटो पूर्वेकडे पोचले आणि १८६४ मध्ये ती दरी राखून ठेवायच्या कायद्यावर लिंकनने सही केली. स्वतः लिंकन तिथे कधीच गेला नाही. दुसरी गोष्ट ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियाची. गॉर्डन नदीवर धरण होणार होतं आणि त्यात फ्रँकलिन नदीचं खोरं बुडणार होतं. पीटर डोम्ब्रोव्स्किस याने काढलेला, फ्रँकलिनच्या वळणावरच्या पहाटेच्या धुक्याचा फोटो १९८३ च्या निवडणुकीआधी वृत्तपत्रांत पानभर रंगीत जाहिरात म्हणून छापला गेला. सरकार बदललं, जुलैत ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला आणि धरण थांबलं. ऐकायला भारीच आहे. पण माझ्या शेजारचा हळदवाला पुटपुटला, "आपल्याकडं पानभर जाहिरात वाढदिवसाची असते."

यानंतर चाळीस मिनिटांचं जे सत्र झालं, त्यासाठी मी हे सगळं लिहितोय. विषय एकच: तीच जागा, तीच लेन्स, तोच आठवडा, दर वर्षी. जेम्स बेलॉग या अमेरिकन फोटोग्राफरने २००७ पासून हिमनद्यांसमोर कॅमेरे रोवून ठेवले आणि बर्फ मागे सरकताना जगाला दाखवलं, तेच काम आपण एका सड्यापुरतं करायचं. फोटो सुंदर नसला तरी चालतो. उलट जास्त सुंदर केला, पार्श्वभूमी धूसर केली, तर तो निकामी. सगळं स्पष्ट हवं, मागची डोंगररांग, एखादा ओळखू येणारा दगड, वाट.

मी बसल्या बसल्या मोबाइल काढला. गिऱ्हाइकांना दाखवायला जुनी कामं मी त्यात ठेवतो. सप्टेंबर २०१५, एक जोडपं, तेरड्याच्या गुलाबी गालिच्यात हात पसरून उभं. ३५ एमएमवर काढलेला, सगळं स्पष्ट, कारण नवरदेवाच्या वडिलांना 'मागचं कासच आहे हे कळलं पाहिजे' असं हवं होतं. मागे डोंगराची कड. उजवीकडे म्हशीच्या पाठीसारखा एक दगड. आणि त्या दगडाला वळसा घालून जाणारी, पाऊल मावेल एवढी वाट.

मॅडमना दाखवला. त्यांनी फोटो बोटांनी मोठा केला, नवरा-नवरीला बाजूला सारून मागचंच बघत बसल्या. म्हणाल्या, "असे किती आहेत तुमच्याकडे?"

सकाळी मामांना दगड दाखवला, त्यांनी तो लगेच ओळखला. आखलेल्या वाटेवरूनच, डोंगराची कड जुळेपर्यंत पुढे-मागे सरकत, मी फोटो घेतला. भाड्याची मॅक्रो बॅगेत, कामाला आली ती कॅमेऱ्याबरोबरच मिळालेली जुनी साधी लेन्स. दोन फोटो शेजारी धरले. पाऊलवाटेची बैलगाडी जाईल एवढी रुंद पट्टी झालेली, मधे उघडा जांभा, तेरडा पट्टीच्या पलीकडे सुरू. मला वाटलं पुरावा सापडला. मॅडमनी थंड केलं. एका वर्षी पाऊस उशिरा आला, बहर आठ दिवसांनी सरकला, तरी फोटो वेगळा दिसतो. दोन फोटोंवरून फुलांबद्दल काही म्हणता येत नाही. वाटेबद्दल म्हणता येतं, कारण खडक बहराची वाट बघत नाही. आणि ती वाट कुणी रुंद केली, हे मला कुणी सांगायला नको होतं. त्या भागात मी चौदा जोडपी नेली होती. जोडप्यामागे मेकअपवाली, रिफ्लेक्टर धरणारा पोरगा, दोघांच्या बहिणी.

दुपारी बोगद्यातून, सज्जनगड फाटा सोडून ठोसेघरमार्गे चाळकेवाडीला नेलं. हे सहसा कुणी नेत नाही, त्याबद्दल पूर्ण गुण. तोच जांभा, तसाच सडा, पण तिकीट नाही, मर्यादा नाही, वारसा नाही. पवनचक्क्या आणि प्रत्येकीच्या पायापर्यंत गेलेला रस्ता. आम्ही सगळे सवयीने पवनचक्की चौकटीबाहेर ठेवायला लागलो. शिकवणाऱ्यांनी थांबवलं: ती आत घ्या, रस्ताही घ्या. माझा अर्धा धंदा कापाकापीचा आहे, विजेच्या तारा, खरकटी ताटं, मांडवातला रुसलेला काका, सगळं कापायचं. नको ते आत ठेवून फोटो काढायला हात वळेना. वाऱ्याने छत्री उलटी झाली, एकाची टोपी सड्यावरून पार दिसेनाशी झाली आणि परतताना ठोसेघरला चहासाठी पाऊण तास मोडला. तो पाऊण तास वर घालवता आला असता.

पाचपैकी साडेतीन देतो. अर्धा गुण एकवीस डोक्यांचा गेला, एक बुडालेल्या सत्राचा आणि इंग्रजी पुस्तिकेचा. नवशिक्याने जावं, मोबाइलवालाही चालेल, महागडी लेन्स भाड्याने आणू नये. पैसे भरण्याआधी माणसं किती ते लिहून घ्या, आणि पुन्हा-पुन्हा एकाच जागेचे फोटो काढण्याचं सत्र आहे का, ते विचारा. त्याला चाळीस मिनिटं म्हणजे थट्टा आहे, अर्धा दिवस हवा होता. हेही लेखी कळवलंय. उत्तर आलं: पुढच्या तुकडीत पंधरा जण आणि मराठी पुस्तिका. बघू.

घरी आल्यावर माळ्यावरच्या हार्ड डिस्क उतरवल्या. त्यातली एक चालूच होईना. बाकीच्यांत २०१३ ते २०१९ पर्यंतचे कासचे फोटो निघाले आणि त्यांत जागा नक्की ओळखता येईल असे अकरा. बायको म्हणाली, लोकांच्या लग्नाचे फोटो तुम्ही असे कुणाला देणार? बरोबर आहे. म्हणून एकेकाला फोन केले. आठ जणांनी तोंडं कापून वापरा म्हटलं. एक नवरी म्हणाली, "दादा, तोंड कापा, पण ओढणी उडतेय ती राहू द्या, छान आलीय." ती ठेवली. ओढणीच्या खाली तेरडा किती उंच होता तेही त्यात दिसतं.

एक जोडपं आता वेगळं राहतं. तो फोटो बाजूला काढून ठेवला.

वहीत लिहून ठेवलंय: म्हशीचा दगड, ३५ एमएम, कॅमेरा बेंबीच्या उंचीवर, सप्टेंबरचा दुसरा आठवडा, मंगळवार किंवा बुधवार, गर्दी टाळून. त्या दिवशी बारशाची ऑर्डर आली तर धाकटा भाऊ जाईल. त्याला बारशाचे फोटो बरे जमतात, पाळणा तेवढा दर वेळी अर्धा कापतो.