एजंटसाठी टूलची माहिती: नुसता स्कीमा की सोबत चार ओळी?

यवतमाळकडच्या एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीत कापूस-तुरीची आवक नोंदवणारं सॉफ्टवेअर आहे असं धरा. ते एआय एजंटच्या, म्हणजे स्वतःहून सॉफ्टवेअर चालवणाऱ्या एआयच्या, हाती टूल म्हणून द्यायचंय.

नुसता जेसन स्कीमा, म्हणजे कुठल्या रकान्यात कुठल्या प्रकारची माहिती हवी त्याचा आराखडा दिला, तर 'वजन' संख्या, 'माल' मजकूर, एवढंच कळतं. तो कोडमधूनच काढता येतो, म्हणून शिळा होत नाही. सक्तीचा रकाना राहिला तर कॉल, म्हणजे एजंटनं टूलला केलेली विनंती, तिथंच अडतो. पण शेतकरी म्हणाला "वीस क्विंटल", एजंटनं २० भरले आणि सॉफ्टवेअर किलो धरून बसलं, तर? टाइप (माहितीचा प्रकार) बरोबर, एरर नाही, नोंद मात्र शंभर पट कमी. चुकाऱ्याच्या दिवशी बोंब होणार.

साध्या भाषेतलं वर्णन असं असतं: "वजन किलोत द्या, १ क्विंटल म्हणजे १०० किलो. तीच पावती परत पाठवली तर दुसरी नोंद पडते, म्हणून आधी पावती क्रमांक शोधा." ही दुसरी ओळ कुठल्याच टाइपमध्ये बसत नाही, आणि माझ्या मते खरी किंमत तिचीच आहे. तोटा? कोड बदलला की वर्णन मागे राहतं. पाल्हाळ लावलं तर टोकनही (एआय वाचतं ते मजकुराचे तुकडे) उगाच जळतात.

एआयला बाहेरची टूल जोडायची सामायिक पद्धत म्हणून २०२४ मध्ये आलेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये टूलचं नाव, वर्णन आणि इनपुट स्कीमा शेजारीशेजारीच देता येतात. मी तरी मालाची यादी स्कीमात बांधून टाकीन: कापूस, तूर, सोयाबीन, बस्स. एकक आणि परिणाम वर्णनात. वेळ कमीच असेल तर आधी रकान्याचं नाव 'वजन_किलो' करा.