ब्रेक पाइपचा गंजलेला नट: सोडवावा, तापवावा की पाइपच कापावा?

नट हलेनासा झाला की सगळे लक्ष त्या नटावरच खिळते; निर्णय मात्र त्याच्या मागच्या पाइपाकडे पाहून घ्यावा, असे माझे मत आहे. पाना उचलण्याआधी तेवढा भाग तारेच्या ब्रशने घासावा. वरवरचा तांबूस गंज निघून खाली गुळगुळीत धातू लागला, तर पाइप वाचवण्याजोगा आहे. पापुद्रे सुटत असतील किंवा खड्डे नखाला लागत असतील, तर नट सुटला तरी तो पाइप पुन्हा बसवू नये.

पाइप धड असल्यास गंज सोडवणारे तेल रात्रभर मुरू द्यावे आणि फ्लेअर नट पाना वापरावा. साधा फिक्स पाना नटाच्या दोनच बाजू धरतो, त्यामुळे गंजाने बारीक झालेल्या नटाच्या कडा लगेच गोल होतात. फ्लेअर नट पान्याला पाइप आत जाईल एवढीच फट असते आणि बाकीचा नट तो वेढून धरतो. नट आणि पाइप या दोन्हींवरून खडूची एक सरळ रेघ ओढावी. नट फिरताना रेघ तुटली तर काम जमले. रेघ अखंड राहिली तर नट पाइपाला धरून बसला आहे आणि पाइप पिळला जातो आहे. जोड उघडण्याआधी तेल पुसून घ्यावे, कारण खनिज तेलाने ब्रेकची रबरी सील फुगतात.

तापवल्याने नट लवकर सुटतो, हे खरे. परंतु ब्रेक ऑइल पेट घेऊ शकते, शेजारचा रबरी होज जळतो आणि क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर तापल्यास फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. गाडीखाली आडवे पडून हा उपाय करणे मला मुळीच पटत नाही.

पाइप नटाला लागून कापला, की सहा कोनी सॉकेट नटावर पूर्ण बसतो आणि हट्टी नटही बहुधा सुटतो. त्याची किंमत म्हणजे नवा पाइप आणि त्याची फ्लेअर, म्हणजे जोडात घट्ट बसावे म्हणून पसरवलेले टोक. डबल फ्लेअर (आत दुमडलेले, नरसाळ्यासारखे टोक) आणि बबल फ्लेअर (बुडबुड्यासारखे फुगीर टोक) एकमेकींच्या जागी चालत नाहीत, म्हणून नमुन्यासाठी जुने टोक जपून ठेवावे. तांबे-निकेल मिश्रधातूचा पाइप हाताने वळतो आणि पोलादासारखा गंजत नाही. मधला तुकडा बदलून कॉम्प्रेशन जोड (पाइपावर कडी आवळून बसणारा) लावण्याचा मोह मात्र टाळावा. ब्रेकच्या दाबाला तो भरवशाचा नाही. काम चालू असताना ब्रेक ऑइलची टाकी कोरडी पडू देऊ नये, कारण एबीएसच्या (ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) युनिटमध्ये हवा शिरल्यास ती काढायला अनेक गाड्यांना त्यांच्या संगणकाला जोडायचा स्कॅनर लागतो.

जोड उघडला की ब्रेकमधली हवा दोन्ही पद्धतींत काढावीच लागते, त्यामुळे पाइप वाचवून वाचणारा वेळ वाटतो त्याहून कमी असतो. दोनदा तेल मुरवूनही खडूची रेघ अखंडच राहिली, तर मी पाइप कटर उचलतो.