टर्नटेबलखाली रबरी पाय लावले, ॲम्पखालचे काढून ठेवले

तर झालं असं की टर्नटेबल (रेकॉर्ड वाजवायचं यंत्र), ॲम्प (आवाज वाढवणारा ॲम्प्लिफायर) आणि सबवूफर (फक्त बेसचा स्पीकर), तिन्हीखाली लावायला मी एकदमच आयसोलेशनवाले, म्हणजे थरथर अडवणारे पाय घेतले, सॉर्बोथेन नावाच्या मऊ रबरासारख्या मटेरियलचे, अर्धगोल, हाताला जरा चिकट लागतात आणि बोटाने दाबून सोडले की सावकाश वर येतात. पाचेक महिने वापरून झालेत म्हणून आता लिहितोय.

आधी टर्नटेबल, कारण खरा फरक तिथेच. सुई खाचेतली जी हालचाल वाचते ती मायक्रॉनमधली, तिला काय कळणार की ही थरथर गाण्यातली की शेल्फची, ती आपली जे येईल ते वाचते. मोटर बंद ठेवून सुई थांबलेल्या रेकॉर्डवर टेकवा, आवाज हळूहळू वाढवा (जपून हं, वूफरची वाट लागेल) आणि शेल्फवर बोटाने टकटक करा. माझ्याकडे स्पीकरमधून शेजारच्या खोलीचं दार ठोठावल्यासारखं ढप्प ढप्प यायचं, आता तीच टकटक जेमतेम ऐकू येते.

पण पहिल्या सेटने शून्य फरक पडला होता आणि चूक माझीच होती, वजन न बघता दणकट दिसतात म्हणून जास्त लोडचे घेतले. टर्नटेबल साडेपाच किलोचं, पाय दबतायत कुठे? न दबलेलं रबर म्हणजे ठोकळाच की. हिशोब सोपा आहे, वजनाने पाय 1 मिमी दबला तर त्याची स्वतःची फ्रिक्वेन्सी (वजनासकट तो आपोआप सेकंदाला किती वेळा वर-खाली हलतो ती) साधारण 16 हर्ट्झ, 4 मिमी दबला तर 8, रबरात प्रत्यक्षात थोडी वरच येते, आणि तिच्या 1.4 पटीच्या वर गेल्यावरच आयसोलेशन सुरू होतं. बरोब्बर त्या फ्रिक्वेन्सीला तर थरथर उलट वाढते. म्हणूनच कोणी धपाधप चालत गेलं की सुई अजूनही उडते, तो धक्का फार खालच्या फ्रिक्वेन्सीचा, त्याला हे पाय पुरे पडत नाहीत, तिथे भिंतीत ठोकलेलं शेल्फच पाहिजे.

अजून एक वैताग. टर्नटेबलचा जड ट्रान्सफॉर्मर एका कोपऱ्यात असल्याने तिथला पाय चपटा झाला आणि बाकी तीन मजेत. पाणसळ ठेवली तर बुडबुडा पार कडेला. मग तो एक पाय जास्त लोडचा (पहिल्या सेटमधला, वाया नाही गेला) लावला तेव्हा कुठे प्लॅटर (रेकॉर्ड ठेवायची फिरती तबकडी) सरळ झालं.

सबवूफरखाली पैसे वसूल. जमीन घुमायची आणि कपाटाची काच खणखणायची ते थांबलं, बेसही जरा आवरल्यासारखा वाटतो. हवेतून जाणारा बेस मात्र जाणारच, त्यामुळे खालच्या मजल्यावरची तक्रार पूर्ण मिटेल अशी आशा ठेवू नका.

ॲम्पखाली? काही नाही. साधा ट्रान्झिस्टर ॲम्प आहे, मी पाठ करून बसलो आणि घरच्यांना पाय काढायला-लावायला सांगितलं, एकदाही धड ओळखता आलं नाही. ट्यूब ॲम्प असेल तर गोष्ट वेगळी, आवाज चालू असताना ट्यूबला टिचकी मारली की काही ट्यूबचा टिंग असा आवाज स्पीकरमधून येतो, तिथे लावण्यात अर्थ आहे. आणि हो, टोकदार स्पाइक्सना लोक आयसोलेशन म्हणतात, ते कसलं आयसोलेशन, ते तर उलट जमिनीला घट्ट जोडतात.

पॅकेटवर कुठेही न लिहिलेली गोष्ट म्हणजे हे पाय पॉलिशवर तेलकट डाग सोडतात. माझ्या शेल्फवर चार गोल उमटलेत ते पुसून जात नाहीत, आता प्रत्येक पायाखाली एकेक खराब झालेली सीडी सरकवून ठेवलीये.