घाण्यावरचे जवस तेल: तेल चोख, लेबल चुकीचे

जवसाचे तेल घेताना चवीआधी बाटली पाहावी, कारण त्यातील निम्म्याहून अधिक मेदाम्ल (फॅटी ॲसिड, म्हणजे तेल-तुपाचा मूळ घटक) हे अल्फा-लिनोलेनिक आम्ल असते आणि त्याच्या 18 कार्बनच्या साखळीतील तीन दुहेरी बंधांमुळे ते उजेड, उष्णता व हवा लागताच लवकर खवट होते. आमच्या भागातील एका लहान घाण्यावर हे तेल गडद काचेच्या बाटलीत मिळते आणि तेल काढल्याची तारीख तिच्यावर स्पष्ट छापलेली असते. पारदर्शक प्लास्टिकमध्ये मिळणाऱ्या तेलापेक्षा ते मला एवढ्यावरूनच उजवे वाटते. ताज्या तेलाला भाजलेल्या जवसाची आठवण करून देणारी खमंग, किंचित कडसर चव आहे. ज्वारीच्या भाकरीबरोबर सुक्या चटणीवर ते कच्चेच घालून खावे. फोडणीसाठी आणि तळणासाठी ते अजिबात योग्य नाही.

माझा आक्षेप लेबलावर आहे. त्यावर ‘मेंदूसाठी डीएचए’ असे छापले आहे, परंतु जवसात डीएचए नसतेच. मेंदूच्या पेशींच्या पटलांत आणि डोळ्यांच्या दृष्टिपटलात मुबलक असणारे ते 22 कार्बनचे मेदाम्ल आपले शरीर अल्फा-लिनोलेनिक आम्लापासून तयार करते खरे, पण फारच थोड्या प्रमाणात. बांगडा आणि तारली यांतून ते थेट मिळते, कारण समुद्रातील सूक्ष्म शैवालांनी बनवलेले डीएचए अन्नसाखळीतून माशांपर्यंत पोहोचलेले असते. मासे न खाणाऱ्या गर्भवतीने असे लेबल वाचून निर्धास्त राहावे, हे मला गंभीर वाटते.

खरी माहितीही या तेलाचे मोल दाखवायला पुरेशी होती. लिनोलेइक आणि अल्फा-लिनोलेनिक ही दोन मेदाम्ले वनस्पती बनवतात, आपले शरीर बनवू शकत नाही, म्हणून ती आहारातूनच मिळवावी लागतात. जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या अमेरिकेतील संशोधक दांपत्याने 1929 मध्ये मेदरहित आहारावर ठेवलेल्या उंदरांची वाढ खुंटल्याचे आणि त्वचा खवलेदार झाल्याचे दाखवले होते, आणि मेद म्हणजे केवळ उष्मांक ही समजूत तेव्हापासून टिकली नाही.

बाटली लहानच घ्यावी, उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवावी आणि रंगासारखा वास येऊ लागला तर उरलेले तेल खाऊ नये.