एकच गिअर की बारा? सामानासह लांब पल्ल्याच्या सायकलप्रवासासाठी तुलनात्मक आढावा

तंबू, झोपण्याची पिशवी, पावसाळी कपडे आणि दोन-तीन दिवसांचे अन्न सायकलच्या फ्रेमला बांधून कच्च्या रस्त्यांनी आठवडेच्या आठवडे फिरायचे ठरवणाऱ्याला आज बहुधा एकच रचना सुचवली जाते : पुढे एक दातेरी चक्र, मागे बारा चक्रांची कॅसेट आणि चेन हलवणारा डिरेलर. तिला पर्याय म्हणून सिंगल-स्पीडचा, म्हणजे पुढे एक आणि मागेही एकच चक्र असलेल्या सायकलचा, गंभीरपणे विचार करणारे लोक संख्येने थोडे असले तरी त्यांची बाजू पोकळ नाही. मात्र या विषयावरील चर्चा बहुतेक वेळा वजन आणि साधेपणा या दोन मुद्द्यांभोवतीच घुटमळते. माझ्या मते निर्णय ठरतो तो वेगळ्याच प्रश्नावर : तुम्ही निवडलेल्या मार्गावर, तुमच्या सामानाच्या वजनासह, सीटवर बसून हळूहळू चढण्याची मुभा तुम्हाला किती वेळा लागणार आहे? सिंगल-स्पीड हीच मुभा काढून घेते. वेगावर पडणारी मर्यादा त्या मानाने किरकोळ आहे.

चढाचा हिशेब

आकडे मांडले की ही गोष्ट स्पष्ट होते. कच्च्या रस्त्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या २९ इंची चाकाचा घेर टायरसह सुमारे २.२९ मीटर भरतो. पुढे ३२ आणि मागे १८ दाते असतील, तर पॅडलच्या एका फेरीत सायकल सुमारे ४.०७ मीटर पुढे सरकते. पॅडलच्या मिनिटाला ४० फेऱ्या हा वेग बहुतेकांना तग धरण्याच्या कडेवरचा वाटतो. तरीही त्या गतीने ही सायकल ताशी जवळजवळ १० किलोमीटर धावते, आणि त्याहून हळू गेल्यास पॅडल वरच्या बिंदूपाशी अडकू लागते. आता स्वार, सायकल आणि सामान मिळून ९५ किलो वजन धरा, आठ टक्क्यांचा चढ धरा आणि खडीच्या रस्त्याचा घर्षणरोधही हिशेबात घ्या. ताशी १० किलोमीटरला सुमारे २४० वॅट शक्ती लागते. बारा गिअरच्या सायकलवर पुढे तेच ३२ दाते ठेवून मागचे ५१ दात्यांचे चक्र निवडले, तर त्याच चढावर मिनिटाला ६० फेऱ्यांच्या सुखद लयीत ताशी पाच किलोमीटरच्या आसपास जाता येते, आणि तेवढ्यासाठी १३० वॅट पुरतात. पहिला आकडा सराव असलेला माणूसही दिवसभर पेलू शकत नाही. दुसरा आकडा सवयीच्या स्वाराला तासन्‌तास जमतो.

शक्तीइतकाच पॅडलवरील दाबही महत्त्वाचा आहे. त्याच चढावर सिंगल-स्पीडच्या पॅडलवर पडणारा सरासरी दाब गिअरच्या सायकलच्या जवळजवळ पावणेतीनपट असतो, कारण पुढच्या आणि मागच्या दात्यांच्या दोन्ही गुणोत्तरांमधला फरकच तेवढा आहे. हा दाब सीटवर बसून देता येत नाही. उभे राहावे लागते, शरीराचे वजन पॅडलवर टाकावे लागते आणि हँडल ओढून धरावे लागते. छोट्या टेकडीवर यात मजाही येते. तासभर चालणाऱ्या घाटात मात्र बेत बदलावा लागतो.

बदललेल्या बेतात सायकलवरून उतरून चालणे येते, आणि इथे एक अनपेक्षित गोष्ट दिसते. बारा टक्क्यांहून तीव्र, सुट्या दगडांच्या चढावर भरलेली सायकल ढकलणारा माणूस ताशी साडेतीन-चार किलोमीटर जातो, आणि सर्वांत हलका गिअर लावून चढणारा त्याच्यापेक्षा फार पुढे नसतो. चढणारा थोडा वेळ विश्रांतीला थांबला, तर दोघे जवळजवळ बरोबरच पोहोचतात. म्हणजे अतितीव्र चढ हा सिंगल-स्पीडचा खरा शत्रू नाही. खरा तोटा पाच ते नऊ टक्क्यांच्या लांबलचक चढांवर होतो, जिथे गिअरवाला शांतपणे बसून चढतो आणि सिंगल-स्पीडवाल्यापुढे जोर लावून दमणे किंवा ढकलत चालणे एवढेच मार्ग उरतात. त्यामुळे मार्गाचा आलेख पाहताना एकूण चढाची बेरीज फारशी उपयोगी पडत नाही. त्या चढाचा किती भाग या मधल्या पट्ट्यात मोडतो, ते मोजावे.

सपाट रस्ता आणि वारा

सपाट खडीच्या रस्त्यावर ३२ आणि १८ दात्यांच्या जोडीला ताशी २० किलोमीटरसाठी मिनिटाला सुमारे ८२ फेऱ्या माराव्या लागतात. सामान लादलेल्या सायकलचा नैसर्गिक वेग तेवढाच असल्याने तिथे दोन्ही सायकलींत फारसा फरक जाणवत नाही. पाठीवर वारा असला की फरक दिसतो : ताशी ३० किलोमीटरला सिंगल-स्पीडवर १२० हून अधिक फेऱ्या लागतात, त्या कोणी फार वेळ मारत नाही, आणि फुकट मिळालेला वेग वाया जातो. उतारावरही तेच घडते. पण दोन्ही सायकली उतारावर बहुधा पॅडल न मारताच धावत असल्यामुळे ते नुकसान मी फारसे मोजत नाही.

समोरून येणारा वारा मात्र चढापेक्षाही वाईट ठरतो. चढाला माथा असतो आणि चालत जाण्याचा मानही राखला जातो; उघड्या पठारावर दिवसभर वाहणाऱ्या वाऱ्याला माथा नसतो, आणि सपाट रस्त्यावर सायकल ढकलत नेणे कोणालाच पटत नाही. कॅनडातील बॅन्फपासून अमेरिका-मेक्सिको सीमेवरील अँटेलोप वेल्सपर्यंत जाणाऱ्या, सुमारे ४,४०० किलोमीटरच्या टूर डिव्हाइड मार्गावर सिंगल-स्पीडने जाणारे लोक असतात. तिथे डोंगरांइतकीच वायोमिंगमधील ग्रेट डिव्हाइड बेसिनची मोकळी, झाडे नसलेली सपाटी त्यांची परीक्षा पाहते.

चिखल, चेन आणि मोडतोड

त्याच मार्गावर सिंगल-स्पीडच्या बाजूचा सर्वांत भक्कम युक्तिवादही सापडतो. पावसानंतर तिथल्या काही भागांतील चिकणमाती टायरला आणि चेनला घट्ट चिकटते, डिरेलरच्या छोट्या चाकांत अडकते, आणि अशा वेळी जोर लावला तर डिरेलर वाकून थेट स्पोकांत जातो. डिरेलर ज्या मऊ धातूच्या कानाला बसवलेला असतो, तो फ्रेम वाचावी म्हणून मुद्दामच आधी वाकेल असा बनवतात. त्यामुळे गिअरच्या सायकलवर लांब जाणाऱ्याने हा कान, केबल आणि चेनचे जोडदुवे सोबत ठेवलेच पाहिजेत. गिअर विजेवर चालत असतील तर बॅटरीची काळजी वेगळी. सिंगल-स्पीडच्या मागच्या चाकापाशी मोडण्यासारखे असे काही लटकत नाही.

चेनचा फरकही लक्षात घेण्यासारखा आहे. बारा गिअरची चेन अरुंद असते आणि ती ०.५ टक्के लांबली की बदलावी लागते, अन्यथा महागडी कॅसेट झिजते. सिंगल-स्पीडची चेन सरळ रेषेत धावते, तिला आडवे वाकावे लागत नाही, आणि ती बरीच जास्त झिजेपर्यंत चालवली तरी नुकसान एका चक्रापुरतेच राहते. शिवाय एक अष्टमांश इंच रुंदीची साधी चेन जगात जिथे सायकल दुरुस्त होते तिथे जवळजवळ हमखास मिळते, आणि ती तीन बत्तिसांश इंच जाडीच्या अरुंद चक्रावरही चालते; उलट अरुंद चेन जाड चक्रावर बसत नाही. बारा चक्रांची विशिष्ट कॅसेट दूरच्या गावात मिळेल, या भरवशावर राहू नये.

तरीही साधेपणाचे हे कौतुक मर्यादेत ठेवावे. सिंगल-स्पीडच्या चेनला ताण देण्यासाठी चाक मागे-पुढे सरकवता येईल अशी फ्रेम, विकेंद्री बसवलेला क्रँकचा (पॅडल ज्याला जोडलेले असतात त्या दांड्याचा) बेअरिंग-भाग किंवा स्प्रिंगचा ताणक यांपैकी काहीतरी लागते. ताण जास्त झाला तर बेअरिंग झिजतात, कमी झाला तर भर चढावर उभे असताना चेन निसटते, आणि ते पडणे वाईट असते. मधोमध धरून हलवल्यास चेन सुमारे एक सेंटिमीटर हलावी, आणि हे क्रँक पूर्ण फिरवून तपासावे, कारण चक्रे अगदी अचूक गोल नसतात. पंक्चरसाठी मागचे चाक काढले की हा सगळा ताण पुन्हा लावावा लागतो, काही फ्रेमवर डिस्क ब्रेकही नव्याने जुळवावा लागतो, आणि नटांचे चाक असेल तर १५ मिलिमीटरचा पाना विसरून चालत नाही. वजनातला फायदा पाऊण ते एक किलोचा. तो खरा आहे, पण पाण्याची एक बाटली कमी-जास्त घेतली तरी तेवढाच फरक पडतो. केवळ वजनासाठी गिअर सोडू नयेत.

डिरेलर तुटलाच तर चेन आखूड करून गिअरची सायकल तात्पुरती सिंगल-स्पीड करता येते, असे नेहमी सांगितले जाते. करता येते, पण ज्या फ्रेममध्ये चाक मागे सरकत नाही तिथे ताण नेमका जुळत नाही, आणि जोर लागताच चेन शेजारच्या मोठ्या चक्रावर चढू पाहते. हा उपाय गावापर्यंत पोहोचण्यापुरता मानावा.

शरीर आणि सामानाची बांधणी

गुडघ्याच्या वाटीखालच्या स्नायुबंधाला पूर्वी त्रास झाला असेल, तर माझा सल्ला संदिग्ध नाही : लांब प्रवासासाठी गिअर घ्या. कमी गतीने आणि जास्त दाबाने पॅडल मारणे हेच या दुखण्याचे खतपाणी आहे, आणि प्रवासात विश्रांतीचा दिवस प्रत्येक वेळी मिळतोच असे नाही. निरोगी गुडघ्यांनाही हळूहळू सवय करावी लागते. दुसऱ्या बाजूला, सिंगल-स्पीडवर वारंवार उभे राहिल्यामुळे सीटवर बसून होणाऱ्या जखमा तुलनेने कमी त्रास देतात. मात्र तेवढाच भार तळहातांवर आणि खांद्यांवर जातो; रुंद हँडल तो थोडा हलका करते.

उभे राहून जोर लावताना सायकल डावी-उजवीकडे झुलते, आणि सीटमागची लांब पिशवी तिच्यासोबत, पण किंचित उशिरा, झुलते. म्हणून सिंगल-स्पीडवर जड वस्तू फ्रेमच्या त्रिकोणात खाली बांधाव्यात आणि मागे फक्त हलके कपडे ठेवावेत. चालावे लागणार असल्याने बूट कडक तळव्याचे नसावेत. गिअरच्या सायकलवर हे दोन्ही नियम ढिले केले तरी निभावते. सोबत गिअरवाले मित्र असतील, तर गतीची ओढाताण आधीच गृहीत धरा : सिंगल-स्पीडवाला चढावर पुढे निघून जातो, कारण त्याला हळू जाताच येत नाही, आणि सपाटीवर मागे पडतो.

मधल्या वाटा

डिरेलर नको पण एकाच गुणोत्तरात अडकायचेही नाही, अशांसाठी जुनी युक्ती आजही उपयोगी आहे. टूर द फ्रान्स शर्यतीत १९३७ पर्यंत डिरेलरला परवानगी नव्हती. स्पर्धक मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळी चक्रे लावत आणि घाटाच्या पायथ्याशी उतरून चाक उलटे बसवत. आजची सोय अशी की पुढे आणि मागे दोन-दोन चक्रे अशी निवडायची, की दात्यांची बेरीज सारखी राहील. ३२ व १८ यांची बेरीज ५०, आणि २८ व २२ यांचीही ५०. त्यामुळे तीच चेन दोन्हींवर जवळपास त्याच ताणाने बसते. दुसऱ्या जोडीत पॅडलच्या एका फेरीला सायकल ४.०७ ऐवजी सुमारे २.९ मीटर जाते. वर सांगितलेल्या मधल्या पट्ट्यातील चढांवर हा फरक मोठा असतो. चेन हाताने हलवायला दोन-तीन मिनिटे जातात आणि हात काळे होतात, एवढाच खर्च. दिवसातून एक-दोन मोठे घाट असलेल्या मार्गासाठी मला ही रचना शुद्ध सिंगल-स्पीडपेक्षा सरस वाटते.

मागच्या चाकाच्या हबच्या, म्हणजे मधल्या तुंब्याच्या, आत गिअर असलेली रचना हा दुसरा मार्ग. रोलॉफ कंपनीचे चौदा गिअरचे हब ५२६ टक्क्यांचा पल्ला देते (सर्वांत जड गिअर सर्वांत हलक्याच्या ५.२६ पट), म्हणजे १० ते ५१ दात्यांच्या कॅसेटच्या ५१० टक्क्यांहून किंचित जास्त, आणि चिखलापासून बंद राहते. पण ते जड आहे, महाग आहे, त्याचे तेल दर ५,००० किलोमीटरला किंवा वर्षातून एकदा बदलावे लागते, आणि आत काही बिघडले तर रस्त्याकडेला दुरुस्त होत नाही. फिक्स्ड गिअर, ज्यात उतारावरही पॅडल फिरतच राहते, तो सामानासह कच्च्या उतारांसाठी मी विचारात घेणार नाही.

निर्णयापूर्वीची चाचणी

शंका असेल तर नवीन सायकल घेण्याआधी हाताशी असलेल्या गिअरच्या सायकलवर प्रयोग करावा. ३२ दात्यांच्या पुढच्या चक्रासह मागचे १८ च्या जवळचे चक्र निवडावे, गिअरच्या खटक्याला हात लावायचा नाही असे ठरवावे, पूर्ण सामान लादावे आणि ठरलेल्या मार्गासारख्याच रस्त्यावर लागोपाठ दोन दिवस चालवावे. एका दिवसावर विश्वास ठेवू नये, कारण थकवा आणि गुडघ्यांची तक्रार दुसऱ्या दिवशी सकाळी समजते. दुसऱ्या दिवशी सपाटीवरसुद्धा पाय जड वाटत असतील, तर मागे २० दाते घेऊन पुन्हा पाहावे. ३२ आणि २० च्या जोडीत सायकल एका फेरीला ३.६६ मीटर जाते आणि ९० फेऱ्यांना ताशी जवळजवळ २० किलोमीटरचा वेग मिळतो, जो लादलेल्या सायकलला पुरतो. शंका असताना नेहमी हलक्या गुणोत्तराकडे झुकावे. २० दात्यांवरही दिवसाचा चौथा हिस्सा चालण्यात जात असेल, तर त्या मार्गासाठी बारा गिअर किंवा दुहेरी चक्रांची रचना घ्यावी, आणि सिंगल-स्पीड कमी चढाच्या मार्गासाठी राखून ठेवावी.