डायलिसिसवाल्यांच्या नखांसाठी बायोटिन: पाचपैकी अर्धा तारा

मेडिकलच्या काउंटरवर ‘केस, त्वचा, नखं’ असं छापलेली बायोटिनची (हे बी गटातलं एक व्हिटॅमिन) डबी हल्ली हमखास दिसते. घरातल्या डायलिसिसच्या पेशंटची नखं पिचू लागली, अर्धी पांढरी पडली की कुणीतरी मायेने ती आणून देतं. या पेशंटपुरता आमचा शेरा: अर्धा तारा, तोही झाकण घट्ट बसतं म्हणून.

आधी नख नीट बघा. मुळाकडे पांढरं, टोकाकडे तांबूस-तपकिरी, मध्ये स्पष्ट सीमा, आणि दाबूनही तपकिरी रंग पुरता जात नाही, तर ते लिंडसे नख. टोकाचा पट्टा नखाच्या २० ते ६० टक्के असतो. हा किडनीच्या आजाराचा खुणेचा रंग, बायोटिनच्या कमतरतेचा नव्हे. डायलिसिसनेही तो सहसा हटत नाही. किडनी बदलल्यावर जाऊ शकतो. आडव्या पांढऱ्या जोडरेघा दाबल्यावर दिसेनाशा होत असतील, तर रक्तातलं अल्ब्युमिन (एक प्रोटीन) तपासून घ्या.

आता डबी. तिच्यावरचे १०,००० मायक्रोग्रॅम म्हणजे १० मिलिग्रॅम. रोजची गरज ३०-४० मायक्रोग्रॅमची! जास्तीचं बायोटिन लघवीवाटे जातं, आणि किडनी निकामी असल्याने इथे घोडं तिथेच अडतं. ते रक्तात साठतं. काही लॅबच्या किटमध्ये मोजणीच बायोटिनच्या पकडीवर चालते, त्यामुळे पीटीएच (हाडं आणि कॅल्शियम सांभाळणारं हार्मोन) खोटं कमी आणि व्हिटॅमिन डी खोटं जास्त येऊ शकतं. त्या रिपोर्टवर हाडांच्या औषधांचे डोस ठरतात. ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रोटीन) खोटं कमी आलं तर हार्ट अटॅकच निसटतो. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, २०१७ मध्ये असाच इशारा दिला होता. गोळ्या चालू असतील तर रक्त देण्याआधी डॉक्टर आणि लॅब दोघांनाही सांगा. निरोगी माणसासाठीचा ‘दोन दिवस बंद ठेवा’ हा हिशेब इथे पुरत नाही.

काही डब्यांत व्हिटॅमिन ए-ही असतं. किडनी निकामी असताना तेही साठतं, म्हणून मागचं लेबल वाचाच. डायलिसिसमध्ये वाहून जाणारी बी-सी व्हिटॅमिनं नेफ्रॉलॉजिस्ट (किडनीचे डॉक्टर) वेगळी लिहून देतात, ती डायलिसिसनंतर घ्यायची.

नख जाड, पिवळं, भुगा होणारं असेल तर बहुधा बुरशी. आधी नखाचा तुकडा तपासायला द्या. टर्बिनाफिनच्या (बुरशीवरच्या) गोळ्या या पेशंटमध्ये सहसा टाळतात. त्याऐवजी अमोरोल्फिन ५ टक्क्यांचं लॅकर (नखाला लावायचं औषध), नख घासून, आठवड्यातून एकदा-दोनदा. पायाच्या नखाला ९ ते १२ महिने लागतात. नखं मात्र डायलिसिसच्या दिवशी कापू नका. रक्त गोठू न देणारं हेपॅरिन दिलेलं असतं, बारीक जखमही वाहत राहते.